गुणाजीचे जोडलेले हात

गणपती झाले, दसरा झाला, तरी त्या साली बांगडा किनाऱ्याकडे फिरकला नाही. खालच्या वाडीची रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबलचक जाळं, रोज दर्यात पडायची. दोन्ही टोकांच्या दोऱ्यांवर बायामाणसं, म्हातारेकोतारे वाकून ओढायचे आणि शेवटी वाळूवर यायचं काय, तर मूठभर पेडवे आणि ढीगभर शेवाळ. दर्यातला मासा आटला नव्हता. तो बाळाशेटच्या ट्रॉलरांनी मधल्यामध्ये खरवडून नेला होता. ट्रॉलरनी किनाऱ्याजवळ यायचं नाही असा कायदा होता म्हणे. कायदा कुठल्याशा कपाटात होता आणि ट्रॉलर वाडीच्या तोंडासमोर.

गुणाजी त्या रापणीचा तांडेल. जाळं कधी टाकायचं आणि कुठे टाकायचं हा शब्द त्याचा. जाळं मात्र त्याचं एकट्याचं नव्हे, ते अख्ख्या वाडीचं. प्रत्येक घराने आपापला तुकडा विणून जोडलेला. त्यामुळे रिकामी रापण वर आली की शिव्या दर्याला बसत, बाळाशेटला बसत, पण मान खाली जाई ती गुणाजीची.

एका सकाळी पाण्यावर माशांच्या थव्याचा काळसर रंग दिसला. गुणाजीने हाळी दिली आणि वाडी धावली. त्याची पोरगी योगिनीही धावली. ती एरवी कसालला सदानंदच्या फोटो स्टुडिओत लग्नांची शूटिंग करायची, पण तुळशीचं लग्न लागल्याशिवाय माणसांची लग्नं लागत नाहीत. त्यामुळे ते दिवस ती घरीच होती. ओढणी कमरेला बांधून ती आई कृष्णाबाईबरोबर दोरीला लागली. कृष्णाबाई पुढे, ती मागे. टाचा वाळूत रुतवायच्या, अंग मागे टाकायचं, एक पाऊल सरकायचं, पुन्हा टाचा रुतवायच्या. दोरी जड लागत होती. फार दिवसांनी जड लागत होती आणि ओढणाऱ्यांच्या तोंडावर हसू फुटत होतं.

जाळं अर्ध्यावर आलं आणि ट्रॉलर आला. हाका मारल्या, टॉवेल हलवले, कृष्णाबाईने तर वाळूवर उभं राहून त्याच्या सात पिढ्यांची उजळणी केली. ट्रॉलर सरळ जाळ्यावरून गेला. जाळं त्याच्या बुडाला अडकलं आणि दोरी हातातून अशी सुसाट सुटली की तळव्यांची सालं निघाली. सगळ्यांनी दोरी सोडली. गुणाजीने सोडली नाही. छातीभर पाण्यात फरफटत गेला तेव्हा कुठे दोरीच तुटली.

वाडी उठून जेटीवर गेली. योगिनीने जाता जाता घरातून सदानंदचा कॅमेरा खांद्याला अडकवला. पुरावा तरी राहील, असा तिचा हिशोब. ट्रॉलरवर जाळ्याचा ढीग पडला होता आणि बाळाशेट खाली जेटीवर उपड्या क्रेटवर बसून चहा पीत होता.

"शेटनू, आमचा जाळा देवा," गुणाजी म्हणाला. ओल्या कपड्यांनी तो थरथरत होता.

"तुमचा जाळा माज्या पंख्यात अडाकला. पंखो मोडलो असतो तर कोणी भरून दिलो असतो?" बाळाशेट म्हणाला. "आदी चूक कबूल कर."

"कोणाची चूक?"

"तुजी. तांडेल तूच मा?"

"दर्यो काय तुज्या बापाशीचो?" कृष्णाबाई मागून कडाडली. "शिरा पडो तुज्या तोंडार! आमच्या दारात येतंस आणि आमकाच चुकी दाखयतंस?"

"तिका गप कर," बाळाशेट गुणाजीला म्हणाला. "नायतर जाळा हंयच पेटयतंय."

योगिनी हे सगळं टिपत होती. तिच्या छोट्या चौकटीत बापाची पाठ दिसत होती. मग ती पाठ जरा वाकली. सोललेले, रक्ताळलेले दोन तळवे एकमेकांना टेकले. ते नीट टेकतही नव्हते.

"चुकला माजा, शेटनू," गुणाजी म्हणाला.

योगिनीने कॅमेरा खाली केला.

"आयकाक नाय इला!" ट्रॉलरवरचा एक खलाशी ओरडला आणि बाकीचे खिदळले. गुणाजीने पुन्हा म्हटलं, मोठ्याने. तेव्हा जाळं वरून खाली फेकण्यात आलं. कृष्णाबाई पुन्हा तोंड उघडणार, तोच तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "गप रव. जाळा उचला."

वाडीने जाळं उचललं. त्या दिवसाबद्दल वाडीत कुणी कुणाशी बोललं नाही. भरल्या पोटी माणूस अपमान आठवतो, रिकाम्या पोटी तो गिळतो. वाडीने गिळला.

योगिनीला कॅमेऱ्याचा नाद लागला तो सदानंदच्या स्टुडिओत. आधी दिव्याची वायर धरायची, मग कॅमेरा. सदानंद कावायचा, "अगं, नवरीवर धर. तू त्या पत्रावळी उचलणाऱ्या म्हातारीवर काय धरून बसलीस?" पण हात चांगला आहे हे त्याला कळत होतं. उरलेल्या कॅसेटींवर तिने वाडीच्या रापणीची एक फिल्म केली होती. निवेदन नाही, गाणं नाही. नुसती माणसं ओढताना, भांडताना, वाटे घालताना. कुडाळच्या एका स्पर्धेत तिला दुसरं बक्षीस मिळालं. परीक्षक होता गुरुप्रसाद. तळेऱ्याच्या बाजूला कुठेतरी त्याचं मूळ घर, वडील मास्तर, आणि हा मुंबईत मालिका लिहिणारा.

"तू आमच्या मातीतली आहेस," तो तिला म्हणाला होता. मातीत ज्याचे हात कधी भरले नाहीत, त्यालाच ती अशी तोंडभर आठवते. पण योगिनीला ते शब्द गोड लागले. गोड लागायचं वय होतं.

दिवाळीनंतर तोच गुरुप्रसाद मोठा लवाजमा घेऊन वाडीशेजारच्या किनाऱ्यावर उतरला. 'किनारा सुखाचा' नावाची रोजची मालिका होती. एक श्रीमंत घर, त्यातल्या दोन सुना आणि शेजारी चवीला एक मच्छीमार कुटुंब. योगिनीला त्याने बोलावून घेतलं. "ह्या लोकांची भाषा तू बघ. मी लिहितो, तू फक्त मालवणी करून दे."

सकाळी कागद यायचे. मेकअपच्या खोलीबाहेर फणसाच्या सावलीत बसून ती ते मालवणी करायची. सुरुवातीला शब्द बदलायची, नंतर वाक्यं बदलू लागली आणि शिमग्यापर्यंत अख्खे प्रसंग तीच लिहीत होती. गुरुप्रसाद फोनवर सांगायचा, "आज कोळणीचं आणि मोठ्या सुनेचं भांडण हवंय. झणझणीत. तुझं तू बघ." ती बघायची. आईच्या तोंडची भांडणं तिला पाठच होती. नटी ती वाक्यं म्हणायची आणि सेटवर टाळ्या पडायच्या.

संध्याकाळी मालिका लागली की कृष्णाबाई पाटी धुऊन टीव्हीसमोर बसायची. शेवटी नावं धावत जायची. मेकअपवाल्याचं, गाडीवाल्याचं, जेवण पुरवणाऱ्याचं. सुरुवातीला ठळक यायचं ते 'कथा, पटकथा, संवाद : गुरुप्रसाद.'

"गाडयेवाल्याचा नाव येता," कृष्णाबाई म्हणाली. "तुजा खंय आसा गो?"

"येतला, आये."

"कधी?"

"काम सपल्यार. वाटो काय आदी मागतत?"

"ती काय रापण आसा?" कृष्णाबाई म्हणाली आणि चुलीकडे गेली.

चूक झाली ती इथे, आणि ही चूक रापणीवर वाढलेलं माणूसच करू शकतं. दोरीला ज्याचा हात लागला त्याचा वाटा. मग तो पहिल्यापासून ओढो की शेवटच्या चार हातांना येऊन लागो, विधवा असो, म्हातारा असो, पाहुणा असो. वाटा कुणी नाकारत नाही, आणि म्हणूनच कुणी आधी मागतही नाही. आधी मागितला तर लोक म्हणतात, ह्याचा आपल्यावर भरवसा नाही. ती मोठी शिवी. योगिनीला वाटलं, इथेही दोरीच आहे. हात लावलाय, वाटा येईल. सदानंदला हे कळलं तेव्हा त्याने कपाळावर हात मारला. "अगं खुळे, लग्नाच्या कॅसेटवरसुद्धा मी आधी माझं नाव टाकतो, मग नवरानवरीचं!"

शेवटी तिने विचारलं. युनिटची जेवणं चालली होती. गुरुप्रसाद मुंबईहून आला होता आणि सुरमईचा काटा चोखत होता.

"सर, माझं नाव कधी येणार?"

"नाव?" त्याने काटा ताटात ठेवला. शेजारी बसलेल्या दिग्दर्शकाकडे बघून डोळा मिचकावला. "बघा, मासे विकता विकता लेखिका झाल्या."

दोघेतिघे हसले. ती उभी होती आणि ते सगळे बसलेले होते, हे तिला अचानक फार जाणवलं. तिला कुणी बस म्हटलं नव्हतं, आजच नव्हे तर इतक्या महिन्यांत कधीच.

"मी लिहिते ते तुमच्या नावावर जातं," ती म्हणाली.

"तू भाषांतर करतेस गं. लेखन वेगळं." मग तिचा चेहरा बघून त्याने सूर बदलला. उद्याचे कागद तिच्याकडून यायचे होते. "बरं, असं कर. एक अख्खा भाग तू लिही. पहिल्यापासून शेवटपर्यंत. जमला तर तुझं नाव देतो. शब्द."

ती घरी आली ती धावतच. अंगणातल्या खळ्यात गुणाजी आणि दोघेजण फाटकं जाळं सांधत बसले होते. त्यांच्याकडे पाठ करून ती पडवीत बसली आणि लिहू लागली. काय लिहायचं हे तिला शोधावं लागलं नाही. इतके महिने तिने ते जिभेखाली दाबून धरलं होतं. जेटी, क्रेटवरचा शेट, ओला माणूस, सोललेले तळवे. पुढचं मात्र तिने घडलं तसं लिहिलं नाही. तिच्या कागदावर माणूस हात जोडतो आणि मागच्या बायका पुढे होतात. एक अक्षर न बोलता त्या ट्रॉलरवर चढतात, आपलं जाळं आपल्या हातांनी उतरवतात, आणि शेट चहाचा पेला धरून नुसता बघत राहतो. जेटीवर त्या दिवशी हे झालं नव्हतं. व्हायला हवं होतं.

गुणाजीला तिने विचारलं नाही. सगळं छापून, म्हणजे दाखवून, झालं की तो खूश होईल अशी तिची समजूत होती.

गुरुप्रसादने ते वाचलं. वाचता वाचता चष्मा काढून पुसला. "वा," तो म्हणाला. "हे खरं घडलंय?"

"अर्धं."

"कुणाच्या बाबतीत?"

"आमच्या वाडीत."

"नाव नक्की," तो म्हणाला, आणि कागदांची घडी करून पिशवीत टाकली. लिहिलंय तसंच दाखवणार का, हे तिने विचारलं नाही. पुन्हा तीच खोड.

तो भाग लागायचा त्या संध्याकाळी टीव्ही खळ्यात आणला, स्टुलावर ठेवला. वाडी जमली. कृष्णाबाईने सगळ्यांना पुरतील इतके घावणे काढले होते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती, "माज्या चेडवाचा नाव येतला आज." गुणाजी आंघोळ करून, लग्नाकार्याचा पांढरा सदरा घालून पुढे बसला होता. नाव आलं. 'संवाद : योगिनी गुणाजी कुबल.' बापाचं नावही आलं, कारण तिने मुद्दाम तसं लिहून दिलं होतं. लोकांनी टाळ्या पिटल्या. गुणाजीने सदऱ्याची कॉलर सारखी केली.

मग जेटी आली. मालिकेतला मच्छीमार धोंडू झोकांड्या खात आला. त्याच्या लुंगीची गाठ सुटलेली. शेटच्या पायांवर तो पालथा पडला आणि पिपाणीसारख्या आवाजात ओरडला, "चुकला माजा, शेटनू!" शेटने त्याला बुटाच्या टोकाने उलटा केला. तो उठला, हात जोडताना हातातून लुंगी सुटली. मागे 'टुंई' करून वाद्य वाजलं. "चुकला माजा!" तो पुन्हा ओरडला, आणि पुन्हा. बायका नव्हत्याच. जाळं नव्हतं. शेट हसला, धोंडू हसला, आणि जाहिरात लागली.

मागे बसलेली पोरं हसली होती. मग त्यांनाही काहीतरी कळलं आणि ती गप्प झाली. खळ्यात बसलेली सगळी माणसं त्या दिवशी जेटीवर होती. शब्द तेच होते. एकानेही गुणाजीकडे बघितलं नाही. एकेक जण चपला शोधत उठला. घावणे टोपलीत तसेच राहिले.

"बाबा, मी असा लिवलेला नाय," योगिनी म्हणाली. "माजे कागद बघा. मी असा नाय लिवलंय."

गुणाजी सदऱ्याची बटणं काढत होता. "त्या दिवशी जेटीर तू कॅमेरो खाली केलंस," तो म्हणाला. "मी बघलंय ता. मनात म्हटलंय, चेडवाक कळता. सगळ्या जगान बघल्यान तरी चलात, माज्या चेडवान नाय बघल्यान." त्याने सदरा दोरीवर टाकला. "मगे ह्या कशाक केलंस?"

ती रडली असती तर बरं झालं असतं. तिला रडूही येईना, इतकी ती पेटली होती. गुरुप्रसादवर, त्या नटावर, त्या टुंई वाजवणाऱ्यावर, आणि सगळ्यांत जास्त स्वतःच्या भोळसटपणावर.

दुसऱ्या दिवसापासून जेटीवर नाटक सुरू झालं. गुणाजी मासळीच्या लिलावाला आला की बाळाशेटचे खलाशी ओळीने हात जोडून उभे राहत. "चुकला माजा, शेटनू!" तोच पिपाणीचा आवाज. बाळाशेट क्रेटवर बसून म्हणायचा, "काय गुणाजी, टीव्हीर चमाकलंस! आमचाव नाव घाल म्हणान सांग चेडवाक." गुणाजीने जेटीवर जाणं सोडलं. मग रापणीवर हाळी देणंही सोडलं. तांडेल घरात बसून जाळं सांधू लागला. सांधायला काही उरलं नाही तेव्हा चांगले पदर उसवून पुन्हा सांधू लागला.

कृष्णाबाई कसालच्या बाजारात पाटी घेऊन बसली होती. एक गिऱ्हाईक बाई वाकून मासे चाचपता चाचपता म्हणाली, "तू ती धोंडूची बायल मा गो? तुमच्याच घरातला ता, होय?" कृष्णाबाईने तिच्या पिशवीतले मासे परत पाटीत ओतले. "तुका मासो नाय," ती म्हणाली. "जा, टीव्हीतलो खा."

घरी येऊन तिने पाटी पडवीत आपटली. "आमी रगात आटवन तुका शिकयला," ती योगिनीला म्हणाली, "ता आमका लोकांत नागडा करूक?"

योगिनीने गुरुप्रसादला फोन केला. तो मुंबईला परतला होता.

"अगं, आकडे बघितलेस का?" तोच आधी बोलला. "तुझा भाग सगळ्यांत वर गेलाय. लोकांना धोंडू फार आवडला!"

"मी धोंडू लिहिला नव्हता. बायका कुठे गेल्या?"

"रडारड झाली असती गं. शूटिंगला बदल होतातच. तुला अजून ह्या धंद्याची कल्पना नाही."

"माझं नाव काढा. तो भाग पुन्हा लागेल तेव्हा माझं नाव नको."

"कमाल आहे!" तो हसला. "नाव दे म्हणून भांडलीस, आता काढ म्हणून भांडतेस. असं कर, इकडेच ये. चॅनेलच्या भार्गवी मॅडमना तुला भेटायचंच आहे. काय सांगायचं ते त्यांना सांग."

निघताना ती गुणाजीसमोर उभी राहिली. "नाव काढूक जातंय, बाबा." त्याने मान वर केली नाही. सुई जाळ्यातून जात होती, येत होती. तिने पाया पडायला हात पुढे केला, तर त्याने पाय मागे घेतले.

कणकवलीला तिने गाडी पकडली. बसायला जागा मिळाली नाही. अख्खा प्रवास तिने दाराजवळ पिशवीवर बसून काढला आणि काय बोलायचं ते मनात घोळवत राहिली. चॅनेलच्या कचेरीत इतका गारवा होता की तिने ओढणी अंगभर गुंडाळून घेतली. गुरुप्रसाद आधीच येऊन बसला होता. भार्गवी तिशीची, बोलायला गोड, मूळची सावंतवाडीकडची. तिने योगिनीला बसायला सांगितलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी बस म्हटलं, आणि योगिनी रागाने उभीच राहिली.

"आम्ही नवी मालिका करतोय," भार्गवी म्हणाली. "अख्खी मालवणी. विनोदी. लेखिका म्हणून तू एकटी, वर गुरुप्रसादचं नाव नाही. विनोदाची इतकी चांगली जाण असलेली मुलगी आम्हाला मिळत नव्हती."

"तो विनोद माझा नव्हता," योगिनी म्हणाली. "मी लिहिलं ते वेगळं होतं. माझ्या बापाचं होतं. मी नाव काढायला आलेय."

भार्गवीने गुरुप्रसादकडे बघितलं. त्याने खांदे उडवले. "मी तुम्हाला म्हटलं ना, हळवी आहे."

"नाव काढता येईल," भार्गवी सावकाश म्हणाली. "पण मग नवीन मालिका तुला कशी देणार? ज्या भागावर तुला घेतोय तोच तुझा नाही असं म्हणालीस तर वरचे लोक मला विचारतील." तिने टेबलावरचा करार पुढे सरकवला. "विचार कर. घाई नाही."

योगिनीला कळलं की हा पेच आहे आणि तो अगदी गोड आवाजात टाकलाय. नाव काढलं तर परत कसाल, परत दिव्याची वायर. ठेवलं तर आयुष्यभर बापाच्या पाठीवर बूट. 'काढा' असं म्हणायला तिने तोंड उघडलं आणि पिशवीतला मोबाइल वाजला. शेजाऱ्यांच्या फोनवरून कृष्णाबाई बोलत होती, नेहमीसारखीच ओरडून.

"योगिनी, आयक. तुज्या बापाशीक चौकीत नेल्यानी."

"कित्याक? काय झाला?"

"आज आपणच उठान जेटीर गेलो. त्या खलाशान हात जोडून नाटाक केल्यान. बाबान तुज्या तेचे जोडलेले हात तसेच आपल्या मुठीत धरल्यान. आणि सोडूकच नाय! तो मेलो खाली बसलो, बोंबाटलो, तरी सोडूक नाय. मनगाट मोडला म्हणतत." कृष्णाबाईला धाप लागली होती, पण आवाजात रडं नव्हतं. "बाळाशेट सोडवूक इलो, तेच्या कानाखाली वाजयल्यान. सगळी वाडी चौकीभायर बसली हा."

"मी येतंय, आये. आताच निगतंय."

"नको. तो म्हणता येव नको. मी आत जावन इलंय. बाकार बसलो हा आणि म्हणता, तिका सांग, नाव काढूचा नाय. माज्या नावासकट आसा ता. काढून पळान इलंस तर घरात घेवचंय नाय म्हणता."

"असा म्हणालो?"

"असाच म्हणालो. ठेव आता, भाकऱ्यो न्हेवच्यो आसत चौकीत."

योगिनीने फोन ठेवला. समोरचे दोघे तिच्याकडे बघत होते. मालवणी न येणाऱ्यालाही कळलं असतं इतक्या मोठ्याने ते बोलणं झालं होतं, आणि ह्या दोघांना तर मालवणी समजत होती.

"वडिलांना अटक झाली?" भार्गवीने विचारलं. "पाणी घे तू आधी."

गुरुप्रसाद मात्र खुर्चीत पुढे सरकला होता. त्याचे डोळे चमकत होते. "जोडलेले हात तसेच मुठीत धरले," तो स्वतःशीच म्हणाला. "अरे, काय सीन आहे! धोंडू खलाशाचे हात धरतो, खलाशी नाचतोय, मागे म्युझिक..." त्याने खिशातलं पेन चाचपलं. "हे आपण पुढच्या आठवड्यातच घेऊ."

योगिनीने त्याच्याकडे बघितलं. हा माणूस वाईट हेतूने बोलत नव्हता, हे तिला त्या क्षणी कळलं, आणि त्यामुळे तिचा संताप कमी झाला नाही, उलट वाढला. तिने खुर्ची ओढली आणि बसली. करार आपल्यापुढे घेतला.

"नाव राहू दे," ती भार्गवीला म्हणाली. "मी लिहीन. पण मी लिहीन तेच दिसलं पाहिजे. शूटिंगला बदलायचं असेल तर मला विचारून. हे ह्याच्यात घाला, नाहीतर दुसरी गाबिताची, मच्छीमाराची पोरगी शोधा."

"असं कुणी लिहून देत नाही," भार्गवी म्हणाली.

"मग मी संध्याकाळच्या गाडीने जाते. वाडी चौकीबाहेर बसलीय."

भार्गवीने कराराची पानं पुन्हा चाळली. विनोद लिहिणारे तिच्याकडे ढिगाने होते, अशी मालवणी लिहिणारं कुणी नव्हतं. "पहिल्या तेरा भागांपुरतं घालू," ती शेवटी म्हणाली. "नंतर बघू."

"म्हणजे हा सीन तुझ्या नव्या मालिकेत जाणार तर," गुरुप्रसाद हसत म्हणाला. "धोंडूचं नशीब उघडलं म्हणायचं."

"सीन आहे खरा," योगिनी म्हणाली. "तो मी लिहिणार. आणि त्यात तुम्ही पण असणार, सर. सुरमईच्या काट्यासकट."

गुरुप्रसाद मोठ्याने हसला. मग भार्गवी हसत नाही हे बघून थांबला. योगिनीने करार सही न करता परत सरकवला आणि बदल विचारून करण्याचं ते वाक्य आधी टाइप करून आणायला सांगितलं. ते येईपर्यंत तिने टेबलावरचे कोरे कागद ओढून घेतले आणि लिहायला सुरुवात केली.